खिशातला हत्तीचा डोळा

भाचीच्या लग्नात मी नवऱ्या मुलाच्या काकांचं बटण तोडलं. भांडणात नव्हे, प्रेमात. पंगतीआधी ते माझ्याशी बोलत उभे होते, मी 'हो हो, बरोबर' म्हणत होतो, आणि माझा उजवा हात आपला आपण वर गेला. त्यानं त्यांच्या कोटाचं वरून तिसरं बटण चिमटीत धरलं, पाव वळसा डावीकडं, पाव वळसा उजवीकडं, आणि मग सरळ ओढ. हा हात पुष्कळ वर्षांचा तयार आहे, तो मला विचारत नाही.

"हे काय केलंत?" काका म्हणाले.

"ढिलं होतं," मी म्हणालो. "घरात रांगतं मूल असतं तर गिळलं असतं त्यानं."

हे मी दिलासा म्हणून सांगितलं होतं. त्यांना काही दिलासा मिळाल्यासारखं दिसलं नाही. तेवढ्यात कुणीतरी अत्तरदाणी पुढं केली म्हणून मी बटण खिशात टाकलं. अत्तर लावून झाल्यावर खिशात हात घालून ते मोठ्या अदबीनं त्यांच्या तळहातावर ठेवलं. ते बटण नव्हतं. तो हत्तीचा डोळा होता. काळा, चकचकीत, मागं दांडी असलेला. काकांनी डोळ्याकडं पाहिलं, डोळ्यानं काकांकडं पाहिलं.

माझी बायको विमल चार पावलांवर होती. "अहो, बटण डाव्या खिशात असेल," ती म्हणाली. जणू घरोघरचे नवरे एका खिशात बटणं आणि दुसऱ्यात डोळे ठेवतात.

हा डोळा माझ्या खिशात का असतो, ते आता सांगूनच टाकतो. काकांनीही वाचावं. बटण मी परत केलेलं आहे.

आम्ही म्हैसूरचे जुने मराठे. पणजोबा राजाच्या घोडदळात होते असं घरात सांगतात. त्यांची तलवार अजून आहे. तिनं काही कापल्याचं मात्र कुणाच्या ऐकिवात नाही, एकदा फणस कापला तेवढाच. घोडदळातल्या पणजोबांचा पणतू मी हत्तीदळात गेलो. हत्ती, अस्वलं, ससे, एक जिराफही होता, पण त्याची मान कधी सरळ राहिली नाही. म्हैसूरलगतच्या हिनकलला सरोजम्मांचा मऊ खेळण्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, अकरा शिलाईयंत्रं आणि अकरा बायका. माझं काम कापड आणि भरण निवडण्याचं. सरोजम्मा पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळं आम्ही सगळे त्यांच्यासमोर हात मागं बांधून उभे राहायचो. त्या मला 'रावरे' म्हणायच्या, कन्नडात 'रावसाहेब' म्हणावं तसं. मी चुकलो की 'शिंदे रावरे'.

लोकांना वाटतं, खेळण्याचं कापड निवडायचं म्हणजे मऊ बघायचं. मऊ तर शेवाळंही असतं. आधी कापड गालावर घासायचं. मग पांढरा रुमाल ओला करून त्यावर रगडायचा. रुमालावर रंग उतरला तर तो उद्या मुलाच्या जिभेवर उतरणार, कारण मूल खेळण्याशी खेळत नाही, ते आधी खेळणं खातं. मग लव चिमटीत धरून उपटायची. बोटात केस राहिले तर कापड परत. मग वास घ्यायचा. हे सगळं मी दुकानात, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, उभ्या उभ्या करायचो. एकदा पडद्याच्या कापडाच्या दुकानात डोळे मिटून ताग्यावर गाल घासत होतो, तर शेजारच्या बाईंनी आपल्या मुलीला माझ्यापासून लांब ओढलं.

भरणाचं तर विचारूच नका. भुसा भरला तर खेळणं जड होतं आणि ओलं झालं की कुजतं. फोमचे तुकडे भरले तर वर्षभरात त्यांचं पीठ होतं आणि अस्वल आजाऱ्यासारखं वाळत जातं. जुन्या कपड्यांची पिंजण स्वस्त, पण तिच्यात काय निघेल सांगता येत नाही. मला हेअरपिन सापडली आहे, चेनचा तुकडा सापडला आहे. म्हणून भरणाच्या प्रत्येक पोत्यावरून मी मूठभर आकाराचा एक लोहचुंबक फिरवायचो. तो नेहमी माझ्या पिशवीत असे. शेवटी आम्ही पॉलिस्टरच्या धाग्यावर आलो. हलका, धुता येणारा, दाबला तर परत उठणारा.

त्याच्या आधी मात्र सावरीच्या कापसाचा माझा एक काळ होऊन गेला. कापसाला आमच्याकडं कन्नडात 'हत्ती' म्हणतात. त्यामुळं कारखान्यात कन्नड बोलताना हत्ती म्हणजे कापूस, घरी मराठीत हत्ती म्हणजे हत्ती, आणि मी दोन्हींची ओझी वाहत होतो. कापूस रेशमासारखा, किंमत कमी. मी पिंजाऱ्याकडून, मेहबूबसाबकडून, चार पोती घेतली. "बी नीट निवडून घ्या, साहेब," तो म्हणाला होता. मी म्हणालो, ससाच तर भरायचाय, शेत नाही पेरायचं. पावसाळ्यात एक गृहस्थ शेडला लागूनच असलेल्या आमच्या दुकानात आले. त्यांच्या मुलानं ससा हौदात बुडवला होता, घरच्यांनी तो सावलीत टांगला होता. त्यांनी पिशवीतून ससा काढून टेबलावर ठेवला. डाव्या कानाच्या शिवणीतून दोन हिरवी पानं बाहेर आली होती.

"तक्रार नाही," गृहस्थ म्हणाले. "याला पाणी घालायचं का, तेवढं सांगा."

सरोजम्मांनी त्यांना नवा ससा दिला आणि जुना आठवडाभर माझ्या टेबलावर ठेवला, मला दिसावा म्हणून. तिसरं पानही फुटलं.

एवढ्यावर मला अक्कल यायला हवी होती. पण त्याच वर्षी दसऱ्याच्या आधी लुधियानाच्या एका विक्रेत्यानं माझ्यासमोर राखी रंगाचं एक कापड उलगडलं. मी गाल टेकला, आणि खरं सांगतो, मला आईची आठवण आली. असं कापड मी आयुष्यात हाताळलं नव्हतं. रुमालाची परीक्षा पास, लवेची पास, वासाची पास. आमच्या शेडमधल्या सगळ्यात जुन्या शिवणारणीनं, जयम्मानं, ते हातात घेऊन उलटं केलं, दोन्ही हातांनी आडवं ताणलं.

"रावरे, उलट बाजू बघा. वीण सैल आहे. ओढलं की रबरासारखं पसरतं."

"मुलं उलट बाजू बघत नाहीत, जयम्मा," मी म्हणालो. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते घरी जाऊन विमललाही ऐकवलं.

त्या कापडाचे आम्ही चाळीस हत्ती केले, दसऱ्यासाठी. आता डोळ्यांचं सांगतो. खेळण्याचा प्लास्टिकचा डोळा म्हणजे एक खिळाच. दांडी कापडातून आत जाते, मागून तिच्यावर चकती घट्ट दाबून बसवतात. तो डोळा धरून ठेवतं ते कापड, चकती नव्हे. मी न भरलेल्या, रिकाम्या खोळीवर डोळा ओढून पाहिला होता, वळसा देऊन. पक्का होता. पण हत्ती भरला की कापड फुगतं, सैल वीण पसरते, आणि दांडीपुरतं असलेलं भोक चकतीएवढं होतं. भरलेल्या हत्तीचा डोळा मी ओढून पाहिलाच नव्हता. इतका गोड दिसत होता, ओढवेना.

आमच्या गावात नवरात्रात घरोघरी बाहुल्या मांडतात. पायऱ्यांची मांडणी, सगळ्यात वर सागवानी राजाराणी, त्याखाली देव, वाणी-वाणीण, वाजंत्रीवाले, पुढं खेळणी. चाळीसपैकी एक हत्ती मी घरी आणला होता. पहिल्या माळेच्या सकाळी विमलनं तो पाचव्या पायरीवर बसवला, मागं सरकून पाहिला, आणि मला चिडवायला म्हणून माझी नक्कल केली. डोळे अर्धे मिटून, पाव वळसा डावीकडं, पाव वळसा उजवीकडं, आणि ओढ.

डोळा तिच्या हातात आला.

खाली चुलतबहिणीचं नऊ महिन्यांचं पोर जमिनीवर बसून माझी चप्पल चघळत होतं. विमलनं मूठ घट्ट मिटली आणि डोळा माझ्या शर्टाच्या खिशात टाकला.

"किती विकले?" तिनं विचारलं.

दुकानात नऊ उरले होते. आमच्या घरी एक. म्हणजे तीस हत्ती गावात मोकळे सुटले होते, साठ डोळ्यांसकट.

मी सरोजम्मांकडं गेलो. हात मागं बांधले. सगळं सांगितलं. मग त्यांनी उरलेले नऊ हत्ती स्वतः कपाटात बंद केले, ऐन दसऱ्यात, आणि म्हणाल्या, "शिंदे रावरे, तीस घरांतलं एक जरी मूल गुदमरलं तर शेडला कुलूप लावून काय उपयोग. सगळेच्या सगळे शोधायचे. एकोणतीस सापडले म्हणून माझ्याकडं यायचं नाही."

दुकानाच्या दारावर पाटी लावली. विकणाऱ्या मुलीला दहा-बारा गिऱ्हाइकं ओळखीची होती. बाकीचे कुठं आहेत ते देवाला ठाऊक. जयलक्ष्मीपुरम, हिनकल, बोगादी, एवढ्या टापूत असतील. एक गोष्ट आमच्या बाजूची होती. मांडणीवर बसवलेली बाहुली दशमीपर्यंत कुणी हलवत नाही. दशमीच्या रात्री राजाराणीला आडवं करून निजवायचं, मग मांडणी उतरायची, मग खेळणी मुलांच्या हाती. म्हणजे दशमीपर्यंत ते हत्ती जगात सगळ्यात सुरक्षित जागी होते. आणि दशमीनंतर थेट तोंडात.

विमलनं मला त्या दुपारी भरीव टाका शिकवला. काळ्या दोऱ्याचा गच्च गोल, वर पांढऱ्या दोऱ्याचा एक ठिपका. प्लास्टिकचा डोळा कापून काढायचा, भोकामागं जाड कापडाची चकती सरकवायची, आणि वरून डोळा भरायचा. ती स्वतः भरतकामाचे वर्ग घेते, पण नवरात्रात घर सोडून तिला येता येईना, संध्याकाळी पन्नास बाया कुंकवाला. जयम्मानं हिनकल उचललं. बाकी माझ्याकडं.

आता अनोळखी गल्लीत कुणाच्या घरी मांडणी आहे ते शोधायचं कसं? आमच्याकडं त्याची रीत ठरलेली आहे. संध्याकाळी पोरं टोळीनं निघतात, दारोदार जाऊन विचारतात, "गोंबे कूरसिदीरा?" म्हणजे बाहुल्या बसवल्यात का? 'बन्नी', म्हणजे 'या', म्हटलं की आत जायचं, बाहुल्या बघायच्या, खाऊ घ्यायचा, पुढचं घर. मला दुसरी रीत सुचली नाही. मी, वय सेहेचाळीस, हातात पिशवी, नाकावर चष्मा, पहिल्या दारात उभा राहिलो आणि घसा खाकरून म्हणालो, "गोंबे कूरसिदीरा?"

मागून आवाज आला, "अंकल, क्यू आहे."

मागं खरंच रांग होती. मी शेवटी जाऊन उभा राहिलो.

पहिला हत्ती दुसऱ्याच गल्लीत सापडला. मी घरच्या बाईंना सगळं समजावलं आणि हत्ती उचलायला हात घातला. "एत्तबारदु," आतून आजींचा आवाज आला. उचलायचा नाही. एकदा बसवलेला उचलायचा नाही, दशमीपर्यंत. मी म्हटलं, आजी, डोळा सैल आहे. आजी म्हणाल्या, "असू दे. बसल्या जागी काय करायचं ते कर. डॉक्टर नाही का घरी येऊन दात काढत?"

त्यांच्या घरी कुठला डॉक्टर येत होता कोण जाणे. पण त्या दिवसापासून मी हत्तींवर बसल्या जागी शस्त्रक्रिया करायला लागलो. मांडणीसमोर गुडघे टेकायचे, डावा हात वाण्याच्या पागोट्याला न लागता पलीकडं न्यायचा, उजवा वाजंत्रीवाल्यांच्या मधून, आणि श्वास रोखून टाके घालायचे. मागं पोरांची टोळी उभी. कुणी म्हणे, "दोरा काळा संपला काय?" कुणी म्हणे, "हा आधी हसत होता, आता झोपलाय." माझं भरतकाम नवीन होतं. काही हत्ती पेंगुळले, काही तिरळे झाले, एक तर असा दचकलेला झाला की घरातल्या सुनेनं विचारलं, याला काही दिसलं का. पण टाका टाका ओढून पाहिला होता. एकही हलला नाही.

काम झालं की मलाही पोरांबरोबर खाऊ. हरभऱ्याची उसळ, मुगाची उसळ, चिरोट्या, रव्याचे लाडू. एका संध्याकाळी सहा घरं म्हणजे सहा उसळी. 'नको' म्हटलं तर घरची बाई दुखावणार आणि हत्ती अडकणार. मी घरी जाऊन जेवत नाही म्हणून विमल म्हणाली, "बरं चाललंय. चूक तुमची, पोट भरतंय गावाचं जेवून. ह्या हिशोबानं पुढच्या वर्षी घोडे करा."

सगळ्यात वाईट वेळ बोगादीच्या एका घरात आली. त्यांचा हत्ती सगळ्यात वरच्या पायरीवर, राजाराणीच्या शेजारी. मी स्टुलावर चढलो. खाली पायरीपुढं त्यांनी ताटात नाचणी पेरून हिरवंगार कुरण केलं होतं, त्यात आरशाचं तळं, पत्र्याचे शिपाई, पत्र्याची रेल्वे. दुसरा डोळा संपत आला होता. पोरांतलं एक शिंकलं. माझ्या बोटातून सुई सुटली आणि कुरणात गेली.

ज्या माणसानं गावभर जाऊन 'मुलांना इजा होईल' म्हणून सांगितलं, त्यानं मुलांच्या खेळण्यात सुई पाडली होती. आजोबा म्हणाले, "कुणी पाय हलवायचा नाही." त्यांची छोटी नात एका पायावर उभी होती, ती तशीच राहिली.

मग मला पिशवीतला लोहचुंबक आठवला. मी जमिनीवर पालथा पडून तो कुरणावरून अलगद फिरवला. टिक. वर काढला. चुंबकाला सुई होती. शिवाय चार पत्र्याचे शिपाई, एक डबा नसलेलं इंजिन आणि एक घोडेस्वार, तलवार उगारलेला, माझ्या मनगटाकडं धावून येणारा. पोरं हसून हसून भिंतीला टेकली. नातीनं पाय खाली ठेवला. मी घोडेस्वाराकडं पाहिलं. पणजोबांची मुद्रा अगदी तशीच असणार.

नवमीला, आयुधपूजेला, आमच्या घरी दरवर्षी तलवारीला गंध-फूल वाहतात. त्या वर्षी विमलनं तलवारीशेजारी माझी सुई, कात्री आणि चुंबक ठेवलं. चुंबकानं लगेच तलवारीचं टोक धरलं आणि सोडेना. तसंच कुंकू लावलं.

तोवर जयम्माचे आणि माझे मिळून एकोणतीस हत्ती झाले होते.

तिसावा कुठंच नव्हता. मी गल्ल्या पुन्हा फिरलो. पोरांच्या टोळ्यांना विचारलं, त्यांना घराघरातली मांडणी पाठ असते. "सगळं झालं, अंकल," ती म्हणाली. दुकानातल्या मुलीला एवढंच आठवत होतं की एका म्हाताऱ्या गृहस्थांनी नेला, जयलक्ष्मीपुरमचे असावेत, हत्तीचा कान तोंडाजवळ नेऊन बघत होते, आणि 'ती सगळं चावते' असं काहीतरी म्हणाले. हे ऐकल्यापासून माझ्या घशाखाली उसळसुद्धा उतरेना.

दशमीच्या सकाळी मी पायरीवर बसून राहिलो. विमल रांगोळी आटोपून शेजारी बसली.

"तुम्ही दारोदार काय विचारता?"

"बाहुल्या बसवल्यात का."

"आणि नसल्या बसवल्या तर?"

"तर पुढचं घर."

"मत्ते?" ती म्हणाली. आमच्याकडं हा शब्द 'मग?' म्हणून वापरतात, आणि वापरणारा बहुधा जिंकलेला असतो. "ज्यानं चावणाऱ्या पोरीसाठी हत्ती घेतला, तो मांडणीसाठी कशाला घेईल? त्याच्या घरी बाहुल्याच नसतील. बाळ यायचं असेल. बाळ येणार म्हटल्यावर म्हातारा माणूस आणखी काय करून घेतो?"

"काय?"

"पाळण्याची गादी."

मी चप्पल न घालताच स्कूटर काढली. विमलनं चपला हातात घेतल्या आणि मागं बसली. पिंजारी मेहबूबसाब घरीच होता. "हो तर," तो म्हणाला, "फिटर नंजुंडय्या. छोटी गादी, सावरीच्या कापसाची. बी एकेक निवडून दिलं, साहेब. त्यांना तुमच्या सशाची गोष्ट सांगितली मी." या गावात माझी कीर्ती अशी पसरलेली आहे.

सगळं शहर त्या दिवशी खऱ्या हत्तींची मिरवणूक बघायला गेलं होतं. रिकाम्या रस्त्यांवरून आम्ही दोघं कापडाचा हत्ती शोधत निघालो. नंजुंडय्यांचं घर सापडलं. दार त्यांनीच उघडलं. निवृत्त फिटर, पंचाहत्तरीचे, बनियनवर, खिशाऐवजी कानाला पेन्सिल. घरात बाहुल्या नव्हत्या. मधोमध पाळणा, पाळण्यात गादी, गादीवर तिसावा हत्ती. मुलगी आणि आठ महिन्यांची नात दुपारच्या बसनं पोचणार होत्या.

मी सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "डोळा सैल होता, ते मी दुकानातून आणला त्याच दिवशी पाहिलं. दुरुस्त केलाय."

त्यांनी हत्ती माझ्या हातात दिला. दोन्ही डोळ्यांच्या जागी पितळी बोल्ट होते, आतून नट आवळलेले, डोकी घासून गुळगुळीत केलेली. "आता हत्ती जाईल, डोळा जाणार नाही," नंजुंडय्या म्हणाले.

"बोल्ट काढावे लागतील, अय्या," मी म्हणालो. "मी दोऱ्यानं डोळे भरून देतो."

"दोरा?" त्यांनी विमलकडं पाहिलं, हा माणूस शुद्धीवर आहे ना अशा नजरेनं. "पितळ काढून दोरा? तुमच्या कापडाला भोक पडू नये म्हणून तर बोल्ट घातला."

बाहेर बसचा भोंगा ऐकू आला. ती त्यांची बस नव्हती, पण आता वेळ थोडा होता. मी म्हटलं, "ओढून बघा."

त्यांनी पक्कड आणली. आपल्याच बोल्टचं डोकं पकडीत धरलं आणि ओढलं. बोल्ट निघाला, नटासकट, आणि रुपयाएवढा कापडाचा तुकडा त्याच्याबरोबर. हत्तीच्या तोंडावर भोक पडलं आणि आतला पांढरा धागा बाहेर डोकावला.

नंजुंडय्या खाली बसले. पक्कड तशीच हातात. "मी पक्का बसवला होता," ते म्हणाले. "आयुष्यभर इंजिनं दुरुस्त केली मी."

"बोल्ट पक्काच होता, अय्या. कापड कच्चं आहे. कापड मी निवडलं. मला एका बाईनं सांगितलं होतं, उलट बाजू बघा. मी बघितली नाही."

एवढ्या घरांत मी 'डोळा सैल आहे' असं सांगत आलो होतो. कापड कच्चं आहे, आणि ते मी निवडलं, हे पहिल्यांदा बोललो.

नंजुंडय्यांनी दुसरा बोल्टही काढला, पक्कड बाजूला ठेवली आणि सरकून मला जागा करून दिली. मी खिशातला पांढरा रुमाल काढला, तोच, रंग बघायचा. घट्ट विणीचा, कधी दगा न दिलेला. कात्रीनं त्याचे दोन गोल कापले, भोकांमागं सरकवले. एक डोळा मी घेतला, दुसरा विमलनं. नंजुंडय्या सुईत दोरा ओवून देत होते आणि प्रत्येक टाक्याला 'आणखी एक' म्हणत होते. मिरवणुकीचे नगारे दुरून ऐकू येत होते. विमलचा डोळा सुबक, शांत झाला. माझा जरा वर बघणारा.

काम झाल्यावर त्यांनी पुन्हा पक्कड उचलली. माझा डोळा पकडीत धरला. मी विमलचा हात धरला. त्यांनी ओढलं. पाव वळसा, आणखी ओढलं. हत्तीचं डोकं पुढं आलं, मान ताणली गेली, सोंड थरथरली, पण डोळा जागेवर. त्यांनी पक्कड खिशात घालायला खिसा शोधला, बनियनला तो नव्हता, म्हणून माझ्याच हातात दिली.

बस खरंच आली तेव्हा दोनच दात आलेली ती बाई आजोबांच्या कडेवरून थेट हत्तीवर झेपावली. तिनं कान बघितला नाही, सोंड बघितली नाही. माझा डोळा तोंडात धरला आणि सगळा जीव एकवटून चावली. आम्ही तिघं मोठी माणसं वाकून बघत होतो. ती बऱ्याच वेळानं थकली, हत्ती खाली टाकला आणि माझ्या चपलेकडं वळली.

दुसऱ्या दिवशी मी सरोजम्मांना सांगितलं, तीस. त्यांनी 'रावरे' म्हटलं, नुसतं. त्यानंतर आमच्या शेडमधून प्लास्टिकचा डोळा कधी बाहेर गेला नाही, आणि कापडाची उलट बाजू जयम्मानं पाहिल्याशिवाय तागा आत आला नाही.

पण खिशातल्या डोळ्याची खरी गोष्ट त्या दशमीच्या रात्रीची. घरी येऊन विमलनं राजाराणीला आडवं केलं, मांडणी उतरायला घेतली. पाचव्या पायरीवर आमचा हत्ती होता. नवरात्रभर गावचे डोळे भरत हिंडलो, आणि घरचा हत्ती पहिल्या दिवसापासून तसाच, एका डोळ्याचा, आल्या-गेल्या बायांकडं डोळा मिचकावत बसलेला. मी सुईत दोरा ओवला. खिशात हात घातला तर रोज एका शर्टातून दुसऱ्यात जात राहिलेला तो पहिला डोळा अजून तिथंच होता. टाकून देणार होतो. विमलनं माझी मूठ धरली.

"हत्तीला दोन्ही नवे भरा," ती म्हणाली. "हा खिशातच असू दे. पुढच्या वेळी मऊ कापडावर गाल टेकून डोळे मिटाल ना, तेव्हा निदान एक तरी उघडा राहील."